एका चिमटीत किती दाणे

कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत तांदळाचे अख्खे दाणे अकरा होते आणि तुकडे सहा. तुकडे पांढऱ्या कागदावर ठेवून एकमेकांना जुळवून पाहिले तेव्हा त्यांचे तीन दाणे झाले. म्हणजे चौदा. सगळ्यांना कुंकू लागलेलं होतं. काहींवरचं उडून नुसती गुलाबी झाक उरली होती. झेंडूच्या पाकळ्या सात, पाच पिवळ्या आणि दोन केशरी, वाळून तारेसारख्या झालेल्या. कापसाच्या वस्त्राचा एक तुकडा, साडेचार सेंटिमीटर. बाकीची धूळ होती, ती मोजण्यासारखी नव्हती. प्रोसेसरवरच्या पंख्याचं पातं आणि त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी यांच्या फटीत एक दाणा आडवा बसला होता. पंखा बोटाने ढकलला की दोन मिलिमीटर हलायचा आणि थांबायचा. तो दाणा चिमट्याने काढला आणि पुन्हा ढकललं, तर पंखा तीन फेरे फिरला. आमच्या घरातला कॉम्प्युटर गेले दहा दिवस, चालू केल्यावर थोड्याच वेळात का हँग होत होता, याचं उत्तर शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्यासमोर कागदावर पडलं होतं. मला आनंद झाला नाही. मी थोडा वेळ थांबून खात्री करून घेतली. नव्हता झाला.

त्याआधी मी तो कॉम्प्युटर एकतीस वेळा चालू करून पाहिला होता. वहीत तक्ता केला होता: तारीख, चालू केल्याची वेळ, हँग झाल्याची वेळ, त्या वेळी पडद्यावर काय होतं. पहिले चार दिवस मला व्हायरसचा संशय होता, म्हणून आतलं सगळं पुसून नव्याने टाकलं. फरक पडला नाही. मग मेमरीच्या दोन पट्ट्या असतात त्यांतली एकेक बदलून पाहिली. फरक पडला नाही. दर वेळी तेच: पडदा उजळायचा, सगळं नीट चालायचं, आणि अकराव्या मिनिटाच्या आसपास माउसचा बाण होता तिथे थांबायचा. घड्याळसुद्धा थांबायचं. मला त्या थांबलेल्या घड्याळाकडे बघत बसायला आवडायचं, हे मी वहीत लिहिलं नाही. सकाळी सरासरी बारा मिनिटं मिळत, दुपारी साडेदहा. दुपारी आमची खोली चार अंशांनी जास्त तापते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला एवढ्यावरून उष्णतेचा मुद्दा लक्षात यायला हवा होता. आला नाही. म्हणजे दिसत होता, पण समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात तसा. शेवटी शनिवार पेठेतल्या रियाजभाईंना फोन केला. हा कॉम्प्युटर त्यांनीच सहा वर्षांपूर्वी जुळवून दिला होता. मी त्यांना सरासऱ्या सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, एकतीस वेळा चालू करून बघितलंत. एकदा उघडून बघितलंत का?" मी नाही म्हटलं. "मग आधी उघडा, नंतर फोन करा. उलट क्रमाने केलं की दोघांचाही वेळ जातो."

घाई माझी नव्हती, आईची होती. आईची टायपिंगची सरकारी परीक्षा सोळा दिवसांवर आली होती. मराठी, मिनिटाला तीस शब्द. माझी आई, मैना, सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि नववीपर्यंत शिकलेली आहे. चैताली मॅडमच्या क्लासमध्ये तिच्याखेरीज सगळी विशीच्या आतली मुलं. ती तिला काकू म्हणतात आणि पंख्याखालची खुर्ची तिला सोडतात. क्लासमध्ये एक तास मिळतो, बाकीचा सराव घरी. दहा मिनिटांचा उतारा असतो. कॉम्प्युटर सुरू व्हायला दीड मिनिट, उतारा उघडून, चष्मा पुसून, बोटं मोडून बसायला आणखी एक. म्हणजे उतारा संपण्याच्या दीड मिनिट आधी सगळं थांबायचं. सलग चार दिवस असं झालं. पाचव्या दिवशी ती बसली नाही. म्हणाली, "मशिनला बरुबर कळतं कोण बसलंय ते." मी म्हटलं, तसं नसतं. ती म्हणाली, "तू बसतीस तवा बी बंद पडतं, पर तुला परीक्षा न्हाई." त्यानंतर गुडघा दुखतो म्हणून तिने क्लासही सोडला. गुडघा दुखत नव्हता. जिन्याने चार मजले ती रोज दोनदा चढत होती. मी मोजत होते.

ती टायपिंग का शिकायला लागली, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. तीन वर्षांपूर्वी जमिनीचं खरेदीखत झालं तेव्हा नोंदणी कार्यालयाच्या बाहेर एका टेबलावर एक मुलगी कागद टाइप करत होती. सहखातेदार म्हणून आईचं नाव होतं. व्यवसाय या शब्दापुढे त्या मुलीने न विचारता घरकाम लिहिलं. आई वाकून वाचत होती. म्हणाली, "शेती लिहा." मुलगी म्हणाली, "आता कुठली शेती, मावशी? आजच विकताय ना?" मागे रांग होती. माझे वडील, अप्पा, म्हणाले, जाऊ दे. आईने सही केली. परत येताना गाडीत ती एकदाच बोलली: "तिची बोटं बघितली का? बघत पन नव्हती कुठं पडत्यात." मला वाटलं ती कौतुक करते आहे. कदाचित करतही असेल.

त्याच वर्षी विहीर बुजवली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेच्या आधीची सुट्टी होती. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बांधावर बसले आणि डंपर मोजले. दोन दिवसांत एकसष्ट. एका डंपरात साधारण दहा घनमीटर भराव धरला, तर विहीर माझ्या अंदाजापेक्षा बरीच खोल निघाली, आणि मला आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात फक्त एवढंच होतं की अंदाज कुठे चुकला. आई विहिरीकडे पाठ करून मेथी निवडत होती. अप्पा संध्याकाळी मला म्हणाले, "रडली न्हाईस, बरं केलंस. तुझी आई बी न्हाई रडली." त्यांनी ते शाबासकीसारखं म्हटलं, पण माझ्याकडे बघून नाही. आता हिंजवडीतल्या त्याच जागेवर तीन इमारती आहेत आणि मधल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. बांधावरच्या आंब्याची उंची मी शाळेत असताना सावलीवरून काढली होती, त्यामुळे मला हे सांगता येतं की आमचा स्वयंपाकघराचा ओटा त्या आंब्याच्या शेंड्याच्या साडेतीन मीटर वर आहे. भाजी चिरताना आई ज्या ठिकाणी उभी असते तिथे पूर्वी काही नव्हतं. एखादा बगळा गेला असेल तर. मी एम.एस्सी. होऊन चार महिने झाले, त्या हवेत राहते, जेवते, अर्ज भरते, आणि कोणी विचारलं तर बरं चाललंय म्हणते. खोटं नाही ते. बरं किंवा वाईट काही मोजायला आतून काही यावं लागतं. मी रोज रात्री झोपण्याआधी पाहते, काही आलं आहे का.

खंडेनवमीला शेतीची हत्यारं पुजतात. लहानपणी मी ती पुसून मांडायचे: कुदळ, खोरं, चार विळे, तीन खुरपी, पेरायची पाभर, आणि शेवटी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, कारण अप्पांना तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटायचा. जमीन विकल्यावर पहिल्या दोन वर्षी आईने खंडेनवमी केलीच नाही. नुसती विचारायची, आज नवमी का, आणि हो म्हटलं की कुकर लावायची. यंदा ती सकाळी आंघोळ करून ताम्हण घेऊन घरभर फिरली. हत्यारं सगळी गावातल्या चुलतभावाला देऊन टाकली होती. अप्पांनी गाडीची किल्ली पुढे केली. आईने तिला कुंकू लावलं, पण लांबूनच, जशी पाहुण्यांच्या मुलाला टिकली लावतात. मिक्सरपाशी थांबली, पुढे गेली. मग माझ्या खोलीत आली आणि कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकू लावलं, वस्त्र घातलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता वाहिल्या. मी पलंगावर फोन बघत होते. तिने हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्याच्यावर काम करते मी." तिला असं, आपण होऊन, काही करताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. डब्याच्या वरच्या बाजूला हवा जायला भोकं आहेत, प्रत्येक भोक चार मिलिमीटरचं. हे मला माहीत होतं. मी पाहत होते आणि मला काही सुचलं नाही.

म्हणून शनिवारी सकाळी कागदावरचे ते चौदा दाणे बघताना मला आनंद झाला नसावा. दोन गोष्टी करता येत होत्या. कागद दुमडून कचऱ्यात टाकायचा आणि धूळ साचली होती असं सांगायचं. धूळ साचली होतीच. किंवा खरं सांगायचं, की आई, तू पूजा केलीस म्हणून बंद पडला. पहिलं केलं तर ती परीक्षेला बसेल, पण पुढच्या नवमीला पुन्हा अक्षता वाहील. दुसरं केलं तर कदाचित ती या टेबलाजवळ पुन्हा येणारच नाही. मी कागदाकडे बघत राहिले. प्रयोगशाळेत चुकीचं वाचन आलं तर ते खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवं लिहायचं, म्हणजे चुकलेलंही वाचता येतं, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. याचा आईशी काही संबंध नव्हता. मला आठवलं, एवढंच. मी अजून ठरवलं नव्हतं, तेवढ्यात ती हात पुसत दारात आली.

"घावलं का काय?"

मी कागद तिच्याकडे सरकवला. ती पलंगाच्या कडेला बसली, चष्मा लावला. मग तांदूळ निवडताना करतात तसे एका बोटाने दाणे एकेक करून डावीकडचे उजवीकडे केले.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

माझा आवाज वर्गात हजेरी देताना असतो तसा होता. ती रडली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यावर काय येतंय ते मला वाचता येत नव्हतं. मग ती म्हणाली, "चौदाच?"

"चौदा. तुकडे धरून."

"मग अजून हायत आत. पाच."

मला वाटलं ती मन रमवते आहे. मी म्हटलं, आई, मी टॉर्च लावून पाहिलंय. ती म्हणाली, "एक चिमूट वाहिली मी. माझ्या चिमटीत तेवीस दाणे येत्यात, तांदळाचे. वर चार ऱ्हायले होते, ते दुसऱ्या दिवशी फुलासंगं उचलले. ऱ्हायले एकोणीस. तू चौदा म्हनतीस."

"तेवीस कशावरून?"

"कशावरून म्हंजे? चोवीस वर्सं पेरताना चाड्यावर मूठ धरली मी. पाभर पुढं चालली की मुठीतनं दानं सारखं सुटाया लागतं. दाट पडलं तर पीक खुरटतं, इरळ पडलं तर साऱ्या गावाला दिसतं. ज्वारीचं एगळं, हरभऱ्याचं एगळं. तांदूळ लांबडा, म्हनून कमी येतो."

मी स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणि दहा वाट्या आणल्या. तिने दहा वेळा चिमूट घेतली, मी दहा वेळा मोजली. बावीस, तेवीस, तेवीस, चोवीस, बावीस, तेवीस, एकवीस, तेवीस, चोवीस, तेवीस. सरासरी बावीस पूर्णांक आठ. ती माझ्याकडे बघतही नव्हती. खिडकीबाहेर बघत घेत होती. मग आणखी दहा वाट्या घेऊन मी स्वतःची चिमूट दहा वेळा मोजली. सर्वांत कमी चौदा, सर्वांत जास्त सदतीस. मी दोन्ही रांगा वहीत शेजारीशेजारी लिहिल्या. मला छातीच्या डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, काहीतरी किंचित दुखल्यासारखं झालं. मी पाठ सरळ केली, तेव्हा ते गेलं.

अप्पा जेवायला आले तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर वीस वाट्यांमध्ये बसलो होतो. अप्पा, म्हणजे मच्छिंद्र, दिवसभर सोसायटीच्या ऑफिसात बसून असतात; तिथे त्यांना काही काम नाही, पण सगळे त्यांना विचारून करतात. दारातच थांबले.

"पूर्वी पोत्यानं मोजायचो," ते म्हणाले. "आता दान्यानं मोजा. काय चाललंय हे?"

मी सांगितलं. त्यांनी आईकडे पाहिलं, कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे पाहिलं. "तरी म्हटलं, कलेक्टरीनबाईंचं टायपिंग का थांबलं. देवानंच अडिवलं म्हना की."

"देवानं न्हाई, मी," आई म्हणाली. "तुमी घ्या एक चिमूट."

ते हसले, पण वाकले आणि घेतली. मी मोजले. एकतीस.

"म्हनून तुमच्या वळी दाट यायच्या," आई म्हणाली.

अप्पांनी वाटीतले दाणे परत तांदळाच्या डब्यात ओतले, एक बाहेर सांडला तो वाकून उचलला, आणि बोटांच्या टोकांकडे बघत म्हणाले, "वाढ आता." जेवताना ते एकदा आपणहून बोलले: "पेरनीला मला मूठ धरू देत न्हवती माझी आत्या. म्हनायची, मैनेकडं दे." आई त्यांना भाकरी वाढत होती. तिने ऐकलं, असं मला वाटलं.

पाच दाणे आत आहेत हे गृहीत धरायला अजून पुरावा नव्हता. म्हणून दुपारी एकला मी कॉम्प्युटरचा डबा बंद करून तो चालू केला. अकरा मिनिटं गेली. बारा, पंधरा. आई दारात उभी होती, आत आली नाही. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "बंद पडंल." सव्विसाव्या मिनिटाला माउसचा बाण थांबला. घड्याळ एक वाजून सव्वीस मिनिटांवर थांबलं. या वेळी मला त्याच्याकडे बघत बसावंसं वाटलं नाही. मी पुन्हा रियाजभाईंना फोन केला आणि सांगितलं की पाच दाणे सापडत नाहीत.

"पाचच कशावरून?" त्यांनी विचारलं.

"आई म्हणते."

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आई म्हणतात तर असतील. तळाला एक चौकोनी डबी आहे बघा, जिथून सगळ्याला वीज जाते. तिचा पंखा वर तोंड करून आहे. वरून काही पडलं की शेवटी तिथेच जाणार. ती उघडायची नाही. प्लग काढा, अर्धा तास तशीच राहू द्या. आतली वीज प्लग काढल्यावरही बसून असते, पाहुण्यासारखी. मग स्क्रू काढून बाहेर घ्या आणि उलटी करून हलवा. आणि आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे असा एक माणूस पाहिजे दुकानात."

नमस्कार मी सांगितला, बाकीचं नाही. मग ते का नाही सांगितलं असा विचार करत अर्धा तास बसले, आणि अर्धा तास झाल्यावर तेही सांगितलं. आई म्हणाली, "शनवार पेठंत? लांब पडतं." पण ती आत आली होती. चार स्क्रू काढले. डबी उलटी केली, आईने खाली परात धरली. पहिल्या हलवण्यात काही पडलं नाही. दुसऱ्यात कुंकवाची बारीक भुकटी पडली. तिसऱ्यात परातीत आवाज झाला, आणि मग दोन वेळा आणखी. चार अख्खे दाणे, दोन तुकडे. तुकडे मी जुळवायच्या आधीच आईने नखाने एकमेकांशेजारी सरकवले. तिने एकूण आकडा म्हटला नाही, मीही म्हटला नाही. तिने दाणे पदराच्या टोकात घेतले.

"पूजा करू नये का मग यंत्राची?"

"करावी," मी म्हटलं. "वर वर्तमानपत्र घालून."

"मग ती वर्तमानपत्राची व्हईल." तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "समोरच्या काचेला केली तर?"

काचेला चालेल, असं मी म्हटलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी कॉम्प्युटर चालू केला. आतलं तापमान दाखवणारा एक छोटा चौकोन मी पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला. सुरुवातीला चौतीस अंश, मग हळूहळू चढत जाऊन पंचेचाळीसला थांबला. सव्वा तीन झाले. साडेतीन झाले. आई मधेच गॅसवर दूध ठेवून आली, बंद करून आली, पुन्हा दारात उभी राहिली. मी तिला बस म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का ते मला कळत नव्हतं. माझ्याजवळ अशा वेळी काय म्हणतात त्याचा साठा नाही. मी फक्त खुर्चीवरून उठले आणि पलंगावर जाऊन बसले, आणि खुर्ची रिकामी राहिली. चार वाजेपर्यंत ती रिकामीच होती. समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन खोलीत आलं आणि कळफलकाच्या खालच्या दोन ओळींवर पडलं. खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता. मग आईने पदराची गाठ सोडून दाणे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, चष्मा पुसला, बसली. बोटं मोडली. उतारा उघडला, कुठल्याशा ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्याबद्दल वरच्या कार्यालयाला लिहिलेलं पत्र होतं. तिने एकदा मान वळवून विचारलं, "लावतीस का येळ?" मी फोनवर दहा मिनिटं लावली. तिची पाठ माझ्याकडे होती. खांदे हलत नव्हते, फक्त कोपरांच्या पुढचे हात. सातव्या मिनिटाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की ती कळफलकाकडे बघत नाहीये. दाराच्या चौकटीला टेकून अप्पा उभे होते. ते कधी आले मला समजलं नाही. दहा मिनिटं झाल्यावर फोन वाजला आणि तिने हात उचलले. मी वही घेऊन गेले, आणि पडद्यावरचा उतारा छापील कागदाशी शब्दाला शब्द लावून दोनदा तपासला.

वेळ दहा मिनिटं. शब्द दोनशे अडुसष्ट. चुका एकोणीस.